दोन तास द्या, कामाच्या वेळेतले: कारखाना चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सुरक्षा प्रशिक्षणाचं वेळापत्रक आणि खर्च मंजूर करणारे सर्व संचालक, कारखाना व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख

सन्माननीय महोदय आणि महोदया,
सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी कामगारांना सुरक्षिततेचं शिक्षण देतो आहे. यातल्या एका वर्गाबद्दल मला तुम्हाला आधी सांगायचं आहे, कारण हे पत्र तिथूनच सुरू होतं.

बंदिस्त जागेत, म्हणजे टाकी, वेसल, मॅनहोल अशा ठिकाणी उतरून काम करण्याबद्दलचा तो वर्ग होता. मी दोन तास मागितले होते, मिळाली ४० मिनिटं. तीही रात्रपाळी सुटल्यावर. ६० माणसं डोळे चोळत बसली होती. मी पडद्यावर चित्रं दाखवली, विषारी वायूंची नावं सांगितली आणि एक वाक्य दोनदा म्हटलं: आत कुणी पडलेलं दिसलं तर मागोमाग उतरू नका. शेवटी हजेरीपट फिरला, ६० सह्या झाल्या आणि माणसं घरी झोपायला गेली.

पाच आठवड्यांनी त्याच ठिकाणी टाकी साफ करताना एक कामगार तळाशी कोसळला. त्याचा जोडीदार शिडीवरून खाली उतरला आणि तोही कोसळला. हा जोडीदार माझ्या वर्गात बसलेला होता. त्याला बाहेर काढता आलं आणि तो वाचला. पहिला वाचला नाही. चौकशीत माझा हजेरीपट पुढे आला, जोडीदाराची सही सापडली, ‘प्रशिक्षण देण्यात आले होते’ असं लिहिलं गेलं आणि त्या वाक्यावर प्रकरण मिटलं.

बरा झाल्यावर तो मला भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं होतं, मला आठवतंय. पण तो खाली पडलेला दिसला आणि पाय आपोआप शिडीवर गेले."

त्या सहीचा उपयोग कंपनीला झाला, मलाही झाला. त्याला मात्र काडीचा झाला नाही. त्याला माहिती होती, पण त्याच्या पायांना ती कुणी शिकवलीच नव्हती. त्या दिवसापासून मी शिकवायची पद्धत बदलली. पण तुम्ही वेळ ठरवायची पद्धत बदलत नाही तोवर माझ्या बदलण्याला फारसा अर्थ नाही, म्हणून हे पत्र.

हे एकट्यादुकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला म्हणून उतरलेली असतात. कारण समजून घ्या. आपल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो जवळजवळ नसतो, आणि नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही नाही. एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण दशलक्षात १००च्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. म्हणजे वास यायचा थांबला की माणसाला वाटतं धोका टळला, आणि प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. मित्र तडफडताना दिसतोय आणि हवेत मात्र काहीच दिसत नाही. अशा वेळी चांगला माणूस खाली उतरणारच. म्हणून ‘उतरू नका’ असं सांगून भागत नाही. त्याच्या हातांना त्या क्षणी दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं.

आता मी हा वर्ग कसा घेतो ते सांगतो. धुऊन, हवा खेळवून, वायू तपासून निर्धोक केलेली एक रिकामी टाकी घेतो. आत माणसाच्या वजनाचा पुतळा ठेवतो. त्याला हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, हार्नेसला दोर, आणि दोर वर तिवईवरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळून वर ओढायच्या यंत्राला. मॅनहोलपाशी एकाला पहारेकरी म्हणून उभं करतो. मग न सांगता पुतळा आडवा पाडतो आणि आतल्या स्पीकरमधून हाका मारायला लावतो. पहिल्या खेपेला बहुतेक सगळ्यांचा पाय शिडीकडे जातो, अगदी वीस-वीस वर्षं काम केलेल्यांचाही. दुसऱ्या खेपेला ते थबकतात. तिसऱ्या खेपेला हात थेट विंचच्या मुठीवर जातो आणि तोंडाने मदतीची हाक सुटते. एका माणसाला तीन खेपा मिळेपर्यंत साधारण २० मिनिटं जातात. दहा जणांच्या गटाला तीन-साडेतीन तास लागतात. त्यातच वायू तपासायचं यंत्र प्रत्येकाच्या हातात देतो. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. तेही वर, मध्ये आणि तळाशी, कारण मिथेन वर साचतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. हे पडद्यावर दाखवलं की लोक मान डोलावतात. यंत्र हातात दिल्यावर कळतं की निम्म्या लोकांना ते चालूही करता येत नाही.

हा माझा एकट्याचा समज नाही. अशा प्रशिक्षणावरच्या ९५ अभ्यासांचा एक आढावा २००६ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात आला होता. शिकणारा जितका स्वतः करून, चुकून, बोलून शिकतो तितकं त्याला जास्त कळतं आणि अपघातही तितके घटतात, असं त्यातून दिसलं. नुसतं भाषण आणि चित्रफीत सगळ्यात खाली. आणि आपण वर्षभर देतो काय, तर भाषण आणि चित्रफीत.

तुमच्याकडून मला दर वर्षी एक तक्ता येतो. एका महिन्यात आग, दुसऱ्यात हेल्मेट-चष्मा, तिसऱ्यात प्रथमोपचार. विषय आधी ठरतात, माणसं नंतर भरली जातात. कुठल्या कामात कोण कसा मरू शकतो हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नसतो. माझी विनंती आहे की वर्ग ठरवण्याआधी मला दोन दिवस शॉपफ्लोअरवर उभं राहू द्या. काम बघू द्या, फिटरशी आणि हेल्परशी बोलू द्या. गेल्या सहा महिन्यांत थोडक्यात टळलेले अपघात कोणते, हे नाव न विचारता ऐकू द्या.

एका ठिकाणी मला सांगण्यात आलं होतं, "कन्व्हेअरमध्ये अडकलेला माल लोक मशीन बंद न करता हाताने काढतात, त्यांना लॉकआउट शिकवा." लॉकआउट म्हणजे यंत्राची वीज तोडून स्विचला कुलूप लावणं. मी आधी जाऊन उभा राहिलो. माल दिवसातून पंधरा-वीस वेळा अडकत होता. वीज तोडून कुलूप लावायचा स्विच होता लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला, ८० मीटरवर. जाऊन येऊन, कुलूप लावून, पुन्हा सुरू करायला सात-आठ मिनिटं लागत. हाताने काढायला दहा सेकंद. वर तासाला किती माल निघाला याची पाटी समोरच लावलेली. या माणसांना कसलं अज्ञान होतं? त्यांना सगळं माहीत होतं. मी तिथे वर्ग घेतला नाही. स्विच अडकण्याच्या जागेजवळ आणा आणि माल का अडकतो ते शोधा, एवढंच लिहून दिलं. दोन्ही झाल्यावर मग शिकवायला गेलो, आणि तेव्हा शिकवणं सोपं गेलं. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्याच खिशात. कुलूप लावल्यावर सुरू करायचं बटण दाबून बघायचं, कारण चुकीचा स्विच तोडला असेल तर तो तेव्हाच कळतो. आणि वीज गेली तरी दाबलेली स्प्रिंग, वर उचललेलं वजन, पाइपातला दाब हे तसेच असतात, ते आधी सोडायचे.

हे मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा गैरवापर मला इथेच दिसतो. धोका घालवण्याचा एक मान्य क्रम आहे. आधी धोकाच काढून टाका. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरा. मग यंत्रावर बसवायचं संरक्षक आवरण म्हणजे गार्ड, वायुवीजन, आवरण उघडलं की यंत्र थांबवणारा इंटरलॉक अशी यांत्रिक सोय. त्यानंतर नियम, परवाने आणि प्रशिक्षण. सगळ्यात शेवटी हेल्मेट, मास्क, हातमोजे. प्रशिक्षण या उतरंडीत खालून दुसरं आहे, हे मी प्रशिक्षक असूनच सांगतो. गार्ड बसवायला पैसे लागतात म्हणून गार्डच्या जागी मला बोलावू नका. उघड्या दातांच्या चक्रासमोर कुणी कितीही शिकलेलं असलं तरी आठ तासांत एकदा त्याचं लक्ष ढळणारच.

आता वेळेबद्दल. युरोपीय संघाच्या १९८९च्या मूळ सुरक्षा निर्देशात चार प्रसंग स्पष्ट लिहिले आहेत: माणूस नवा लागला, त्याचं काम बदललं, यंत्र नवं आलं किंवा बदललं, तंत्र नवं आलं. प्रत्येक वेळी प्रशिक्षण द्यायचं, गरजेप्रमाणे ते पुन्हा द्यायचं, कामाच्या वेळेत द्यायचं आणि त्याचा खर्च कामगारावर टाकायचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१च्या १५५ क्रमांकाच्या करारातही सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये असं म्हटलं आहे. रात्रपाळीनंतरची ती ४० मिनिटं कोणाच्या खिशातून गेली होती, याचा विचार करा. ती त्या माणसांच्या झोपेतून गेली होती.

नव्या माणसाबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ने वर्षानुवर्षं जमवलेल्या आकड्यांतून हे दिसलं आहे की कामाच्या पहिल्या महिन्यात, रजा घ्यावी लागेल अशी दुखापत होण्याचा धोका वर्षभराहून जुन्या माणसाच्या तिपटीहून जास्त असतो. आणि आपण नव्या माणसाला काय देतो? पहिल्या दिवशी सकाळी दोन तासांत २५ विषय, चार फॉर्म, एक हेल्मेट, आणि दुपारी काम. ठेकेदाराकडून आलेला असेल तर तेवढंही नाही. त्याला पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शिकवा: त्याला आज जे काम करायचं आहे त्यातला जिवाचा धोका, घंटा वाजली की कुठे जायचं ते स्वतः चालून, आणि शंका आली तर कोणाला हाक मारायची त्या माणसाचा चेहरा. बाकीचं पुढच्या चार आठवड्यांत, थोडं थोडं. एका अनुभवी माणसाला त्याचा सोबती म्हणून नेमा आणि त्या सोबत्याच्या उत्पादनाचा आकडा महिनाभर कमी धरा. नाहीतर सोबत कागदावरच राहते.

भाषा हा त्याहून दुखरा विषय. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात मी छापील सूचना दिल्या आहेत आणि त्याने त्यावर अंगठा उमटवला आहे. मला त्याची लाज वाटते. कामगारांच्या सुरक्षेचे नियम पाहणाऱ्या अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने २०१० साली आपल्या निरीक्षकांना लिहून कळवलं की जिथे प्रशिक्षण बंधनकारक आहे तिथे ते कामगाराला समजेल अशा भाषेत आणि अशा शब्दांत हवं. ‘शब्दांत’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. भाषा त्याचीच असली तरी ‘ऊर्जा विलगीकरण’ म्हटल्यावर कुणाला काही कळत नाही. ‘मेन पाड, कुलूप लाव, किल्ली खिशात, बटण दाबून बघ’ म्हटलं की कळतं. वर्गाच्या शेवटी मी आता सही मागत नाही. ‘आता तू मला शिकव’ म्हणतो. ज्याला सांगता येत नाही तो करून दाखवतो. माझं कुठे चुकलं ते मला तिथेच दिसतं.

आरोग्याचं काय? ‘आरोग्य आणि सुरक्षा’ असं आपण म्हणतो आणि शिकवतो फक्त सुरक्षा, कारण पडलेला माणूस दिसतो आणि बहिरा होत चाललेला दिसत नाही. दगड, काँक्रीट, टाइल कापताना उडणारी दिसणारी धूळ नाकातच अडकते. फुप्फुसात खोल जाते ती न दिसणारी. तिच्यातल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि बऱ्याचदा तो दहा-वीस वर्षांनी कळतो. पाणी सोडून कापलं तर धूळ खूपच कमी उडते. दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि फटीतून धूळ आत जाते. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक न करता नुसते टेकवले तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. एवढ्या साध्या गोष्टी आहेत. प्रत्येकी दहा मिनिटं लागतात, आरशासमोर.

सरावाबद्दल दोन घटना सांगतो, दोन्ही जगाला माहीत आहेत. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट झाला. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा झडप काढलेला होता. त्याची खबर रात्रपाळीला पोचली नाही आणि पंप सुरू केला गेला. फलाटावर २२६ माणसं होती. वाचवायला आलेल्या दोघांसह १६७ जण गेले. अनेक जण सांगितल्याप्रमाणे राहण्याच्या इमारतीत जमले, हेलिकॉप्टरची वाट बघत बसले आणि धुराने गुदमरले. जे वाचले त्यांतल्या कित्येकांनी ती वाट न बघता समुद्र गाठला होता. नंतरच्या चौकशीत कामाच्या परवान्याची पद्धत, प्रशिक्षण आणि आपत्कालीन सराव या सगळ्यांतली पोकळी बाहेर आली. परवाने लिहिले जात होते, सूचना दिल्या जात होत्या. कागद सगळे होते.

दुसरी घटना ११ सप्टेंबर २००१ची. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅन्ले या वित्तसंस्थेची कचेरी होती आणि रिक रेस्कोर्ला तिचे सुरक्षाप्रमुख होते. तिथे झालेल्या १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर त्यांनी वर्षानुवर्षं सगळ्यांना नियमित जिन्याने उतरवण्याचा सराव घेतला. मोठमोठे दलाल हातातला व्यवहार सोडून, कुरकुरत जिन्यात उभे राहत. शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यात जागेवरच थांबा अशी घोषणा झाली, पण रेस्कोर्लांनी आपल्या माणसांना लगेच खाली काढायला सुरुवात केली. सुमारे २७०० जणांपैकी जवळजवळ सगळे वाचले. मागे राहिलेल्यांना शोधायला ते पुन्हा वर गेले आणि परतले नाहीत.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय भावतं, तर त्या कुरकुरणाऱ्या दलालांना फोन ठेवायला लावण्याची मुभा रेस्कोर्लांना वरून मिळालेली होती. तुमच्या मॉक ड्रिलमध्ये शेवटचं वरिष्ठ अधिकारी मंडळ जिन्यात कधी उतरलं होतं? माझ्या अनुभवात ड्रिलची वेळ सगळ्यांना आधी कळवलेली असते, महत्त्वाच्या लाइन वगळलेल्या असतात आणि असेंब्ली पॉइंटवर नेमकी तीच माणसं मोजली जातात ज्यांच्या नसण्याने उत्पादन अडत नाही.

सुपरवायझरविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझा वर्ग संपल्यावर पहिली १५ मिनिटं खरी परीक्षेची असतात. मी सांगितलेलं असतं, दोरी अडकवायचा अँकर पक्का नसेल तर वर चढू नका. १.८ मीटरची दोरी, तिच्यातला झटका सोसणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडला की आणखी मीटरभर, खाली लोंबकळणाऱ्या माणसाची स्वतःची उंची, आणि त्याखाली थोडी राखीव जागा, असं धरलं तर अँकरखाली पाच मीटरहून जास्त मोकळी जागा हवी, नाहीतर हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आदळतो. हे ऐकून कामगार परत जातो आणि जागा कमी आहे म्हणतो. त्यावर सुपरवायझर ‘आजच्या दिवस उरक’ म्हणाला की माझा वर्ग पुसला जातो. याउलट तो ‘थांब, शिडी नको, प्लॅटफॉर्म मागवू’ म्हणाला की माझा वर्ग त्या माणसाच्या आयुष्यभर टिकतो. गंभीर धोका दिसतो म्हणून काम सोडून बाजूला झालेल्या माणसाला त्रास होऊ नये, हे १५५ क्रमांकाच्या करारातही आहे. पण कामगार करार वाचत नाही, तो सुपरवायझरचं तोंड वाचतो. म्हणून आधी सुपरवायझरना शिकवू द्या, आणि थांबवलेल्या कामाचा बोजा त्यांच्या आकड्यांवर पडणार नाही हे तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर सांगा. हे मी सांगून चालत नाही.

आणि एकदा शिकवलं म्हणजे वर्षभर पुरलं असंही समजू नका. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं कौशल्य शिकल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच गंजायला लागतं, हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. दर वर्षी पूर्ण दिवस देण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी २० मिनिटं द्या, तीही कामाच्या जागी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवख्यांना काम शिकवताना चार पायऱ्या ठरवल्या होत्या: तयारी, दाखवणं, करून घेणं आणि नंतर जाऊन बघणं. चौथ्या पायरीचे पैसे मला आजवर फार थोड्या कंपन्यांनी मंजूर केले आहेत. वर्गानंतर चार आठवड्यांनी कामाच्या जागी जाऊन उभं राहायचं, कोण काय करतो ते बघायचं, अडचण विचारायची, एवढंच त्यात असतं.

वर्ग संपल्यावर तुमच्या कचेरीतून मला एकच फोन येतो, किती जण हजर होते म्हणून. यापुढे दुसरे प्रश्न विचारा. किती जणांना तिसऱ्या खेपेला जमलं? कोणाला जमलं नाही, आणि त्याला त्या कामावर अजून ठेवलं आहे का? शिकवताना जागेवरचे कोणते दोष दिसले? मी लेखी उत्तरं देईन.

पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी एकांकडे माझा बंदिस्त जागेचा वर्ग आहे. मला सभागृह नको आणि पडदाही नको. साफ केलेली टाकी, तिवई, विंच, वायू तपासायचं यंत्र आणि सहा-सहाचे गट हवे आहेत. प्रत्येक गटाला निदान दोन तास, दिवसपाळीत, पगारी. ज्यांना तेवढ्या वेळात तिसरी खेप जमली नाही त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या गटात तुम्ही स्वतः या. मॅनहोलपाशी तुम्हालाही उभं करीन आणि खालून हाक येईल.

आपला नम्र,
एक सुरक्षा प्रशिक्षक